कऱ्हाकाठची राख आणि आइसलंडचा लाव्हा

आइसलंडला वळसा घालणाऱ्या सुमारे 1,300 किलोमीटरच्या हमरस्त्यावरून वाटाड्यासह आठवडाभर फिरून, एका बाजूस हिमनद्या व दुसऱ्या बाजूस काळ्या लाव्ह्याची पठारे पाहण्याचा योग आता मराठी प्रवाशांना दुर्मीळ राहिलेला नाही. तथापि या सफरीची पूर्वतयारी बारामती व इंदापूर तालुक्यांतच करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कारण 1783 साली आइसलंडमधील लाकी येथे शिखरातून नव्हे, तर सुमारे 27 किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला. आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच भेगांतून, परंतु कल्पनातीत प्रमाणावर उफाळलेल्या शिलारसाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार सिद्ध झाले. इंदापूरकडच्या एखाद्या विहिरीत डोकावल्यास मुरुमाखाली मांजऱ्या खडक दिसतो. त्यातील पांढरे ठिपके म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पाण्याने मागाहून भरलेली खनिजे होत. हिमनद्यांची नोंद मात्र या पठाराच्या दप्तरी नाही.

बारामती तालुक्यातील मोरगावी मयूरेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते, की तेथील कऱ्हा नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख आहे, आणि ती दख्खनची नसून बहुतेक अभ्यासकांच्या मते सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची, वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आलेली आहे. तिचे वय सुमारे 75 हजार वर्षे की आठ लाख, यावर पंडितांत वाद आहे. सहल कंपन्यांनी आइसलंडच्या प्रवाशांना आधी एक दिवस मोरगावी न्यावे, आणि प्रवाशांनी ती राख पाहावी, उकरून नेऊ नये.