यंत्रमानवाचे भाडे आणि माणसाची मजुरी

'रोबो' हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी असतो, पण त्याचे मूळ फार थोड्यांना ठाऊक असते. चेक लेखक कारेल चापेक यांनी 1920 साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती!

1961 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात यंत्राचा पहिला हात कामाला लागला. तो एका जागी घट्ट बसविलेला होता. आता दोन पायांवर चालणारे यंत्रमानव आले आहेत. जॉर्जिया राज्यातील फ्लॉवरी ब्रँच येथे एका कपडे कंपनीचे गोदाम जीएक्सओ ही कंपनी सांभाळते. जून 2024 मध्ये तेथे 'डिजिट' नावाचे यंत्रमानव रुजू झाले. उंची सुमारे पावणेसहा फूट, गुडघे पक्ष्यासारखे मागे वळणारे. गाडीवरून आलेले प्लास्टिकचे क्रेट उचलायचे, काही पावले चालायचे आणि सरकत्या पट्ट्यावर ठेवायचे, एवढेच त्यांचे काम. ओझे फार तर 16 किलो. आपला माथाडी बंधू 50 किलोचे पोते पाठीवर घेतो.

मग माणसाचा आकार कशाला? कारण गोदामातील वाटा, फळ्या, पट्टे सारे माणसाच्या मापाने बांधलेले आहे. यंत्रासाठी इमारत बदलावी लागत नाही. मात्र एक अडचण आहे. साधे यंत्र वीज तोडली की जागच्या जागी थांबते. दोन पायांचे यंत्र कोसळते. म्हणून डिजिटच्या कामाच्या जागेत माणसांना येऊ देत नाहीत.

एक लाख क्रेट हलविल्याचे नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. जून 2024 पासून धरले तर दिवसाला सरासरी दोनशे क्रेट पडतात. आकडा ऐकून दिपून जाण्यासारखे काही नाही.

आम्हा कारकुनांचे लक्ष गेले ते कराराकडे. जीएक्सओने डिजिट विकत घेतलेले नाहीत. ॲजिलिटी या कंपनीकडून अनेक वर्षांच्या कराराने भाड्याने घेतले आहेत. विकत घेतलेले यंत्र भांडवली खर्चात जाते, भाडे चालू खर्चात. म्हणजे यंत्रमानव वहीत मजुरीच्या शेजारी येऊन बसतो, आणि मालकाला दोन्ही रकमा महिन्याच्या महिन्याला ताडून पाहता येतात. एकीकडे बोनस, रजा, बाळंतपण, संघटना. दुसरीकडे नुसते बिल.

पाठ मोडणारे काम यंत्राने घ्यावे, याला आमचा विरोध नाही. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे, असे बाबासाहेबांनी 1945 सालच्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना मांडले होते. फ्लॉवरी ब्रँचचे क्रेट हलके झाले. फुरसत कोणाला मिळाली, हे विचारायला हवे. डिजिटवर देखरेख ठेवायला संगणकापुढे माणूस लागतोच, पण एका पडद्यावरून अनेक डिजिटांना काम नेमून देता येते.