एका पायावर उभं राहून बघा

मैत्रिणींनो, डोक्यावर हंडा, कडेवर लेकरू आणि पायाखाली निसरडी वाट. तोल सांभाळणं आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. तरी मोकळ्या अंगानं एका पायावर उभं राहायचं म्हटलं, की भल्याभल्या डुगडुगतात. योगात याला वृक्षासन म्हणतात. घेरण्डसंहिता या जुन्या ग्रंथातल्या 32 आसनांमध्ये ते आहे.

करायचं असं : सकाळी, काही खाण्याआधी, भिंतीजवळ अनवाणी उभं राहा. डावा पाय जमिनीवर नीट रोवा. उजवा तळपाय डाव्या पोटरीला आतून टेकवा, जमलं तर मांडीला. गुडघ्याला मात्र नको. हात छातीशी जोडा. समोरच्या खुंटीवर नजर ठेवा. श्वास रोखू नका. पाच श्वास झाले की पाय बदला.

आता उभ्या पायाकडे लक्ष द्या. घोटा सारखा हलतोय ना? डोळे, कानाचा आतला भाग आणि पायाचे स्नायू-सांधे मेंदूला क्षणोक्षणी खबर देतात आणि शरीर जरा इकडे, जरा तिकडे सावरत राहतं. म्हणजे तोल म्हणजे न हलणं नव्हे, हलून पुन्हा सावरणं. जी दगडासारखी ताठ उभी राहते, तीच आधी कलंडते.

संसारातही तसंच आहे. पाऊस दगा देतो, लेक सासरी जाते, घरधनी आजारी पडतो, कधी कायमचा जातो. अशा वेळी एखाद्या ताईचा हप्ता चुकतो. मग ती लाजेनं बैठकीलाच येत नाही. खरं तर तिचा पाय फक्त जमिनीला टेकलाय, आसन संपलेलं नाही. तिनं बैठकीत अडचण सांगावी, गटानं हप्ता लहान करून द्यायचा विचार करावा. आसनात भिंतीचा आधार घेणं कमीपणाचं नाही, तसंच हे.

आसन केल्यानं कर्ज फिटत नाही, हे खरंच. पण डगमगलं तरी घाबरायचं नाही, ही सवय अंगात मुरते. शिवाय पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत जातात. न्हाणीत पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडू शकतं. तोलाचा सराव असला की पडण्याचा धोका कमी होतो. चक्कर येत असेल, गुडघा दुखत असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या बैठकीत हजेरी झाली की सगळ्याजणी गोल उभ्या राहा, शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवा आणि एकेक पाय उचला. कुणी डुगडुगली तर हसा खुशाल, पण हात सोडू नका.