चुंबकाचे वैद्यक : खरे किती, खोटे किती?

अलिबाग म्हटले की मुंबईकरांना समुद्रकिनारा, भरतीच्या पाण्याने वेढला जाणारा कुलाबा किल्ला आणि पांढरा कांदा आठवतो. किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेची आठवण फारशी कोणाला होत नाही. १९०४ पासून ही वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवत आली आहे. त्याआधी हे काम मुंबईत कुलाब्याला, १८४०च्या दशकापासून चालत असे. मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या रुळांतून आणि तारांतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या नाजूक नोंदी बिघडणार हे उघड झाले. तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांनी नव्या वेधशाळेसाठी अलिबाग निवडले. दोन्ही ठिकाणी दोन वर्षे एकाच वेळी वेध घेऊन, नोंदींचा मेळ घालून, १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबवण्यात आले.

अलिबागच्या इमारतींसाठी पोरबंदरचा दगड आणला गेला. कोकणातल्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. तो या कामाला चालण्यासारखा नव्हता. खिळे, बिजागऱ्या, कड्या तांब्या-पितळेच्या. लोखंडाला मज्जाव.

एवढ्या सोवळ्याने तेथे मोजले जाते ते चुंबकत्व किती? एकूण क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांहून थोडे अधिक. शंभर कोटी नॅनोटेस्ला म्हणजे एक टेस्ला. सूर्याच्या प्रभावामुळे हे क्षेत्र दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होते आणि सौर वादळाच्या वेळी काही शेकड्यांनी. चुंबकाने सांधे दुखायचे थांबतात, रक्त शुद्ध होते, मधुमेह आटोक्यात येतो, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आणि त्याच वेळी मोठ्या रुग्णालयांत चुंबकाच्याच आधारे मेंदूतील गाठ अचूक शोधली जाते. दोन्हीकडे शब्द एकच असल्याने सामान्य माणसाचा गोंधळ होतो. तो सोडवायला अलिबागचा हा आकडा मोजपट्टी म्हणून चांगला उपयोगी पडतो.

रुग्णालयांतील सर्वसाधारण एमआरआय यंत्राचे क्षेत्र दीड टेस्ला, काहींचे तीन टेस्ला असते. दीड टेस्ला म्हणजे अलिबागच्या क्षेत्राच्या सुमारे पस्तीस हजार पट. इतके बळ कशासाठी लागते, ते पाण्याच्या रेणूत पाहावे लागते. शरीराचा बराचसा भाग पाण्याचा आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक म्हणजे स्वतःभोवती फिरणारा एक चिमुकला चुंबक. एरवी या चुंबकांची तोंडे वाटेल त्या दिशेला असतात. बाहेरून जोरदार क्षेत्र लावले की त्यांच्यात किंचित शिस्त येते. किंचित हा शब्द शब्दशः घ्यायचा, कारण दीड टेस्लाच्या क्षेत्रातही अनुकूल दिशेच्या केंद्रकांचे आधिक्य दर दहा लाखांमागे जेमतेम पाच असते. पृथ्वीच्या क्षेत्रात ते हजार कोटींमागे एखाददुसरे. त्या पाचांच्या संदेशावर सगळा डोलारा उभा आहे.

या केंद्रकांवर विशिष्ट रेडिओलहरी सोडल्या की ती डळमळतात आणि लहरी थांबताच पुन्हा पूर्वस्थितीला येताना स्वतःच एक क्षीण संदेश देतात. दीड टेस्लाला या लहरींची कंप्रता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते. ती एफएम रेडिओच्या पट्ट्यापासून फार दूर नाही. बाहेरचा असा गलबला आत शिरू नये म्हणून एमआरआयच्या खोलीला बहुधा तांब्याच्या पत्र्याचे अस्तर असते. पूर्वस्थितीला येण्यास लागणारा वेळ चरबीत निराळा, स्नायूत निराळा, सुजलेल्या भागात निराळा. त्यातून चित्र तयार होते. आतल्या रुग्णाला घाबरवणारा तो ठणठणाट संदेश नेमका कोठून आला हे ठरवण्यासाठी क्षेत्रात क्षणोक्षणी फरक करणाऱ्या वेटोळ्यांचा असतो. क्ष-किरणांचा येथे संबंध नाही.

हे तत्त्व १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवले, ते रसायनांच्या अभ्यासासाठी फार उपयोगी ठरले. त्यातून चित्र काढण्याची कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली. दोघांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. गाठींतील संदेश निरोगी पेशींहून वेगळा असतो, हे १९७१ मध्ये दाखवणारे रेमंड डॅमेडियन वगळले गेले, तेव्हा त्यांच्या बाजूने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या होत्या. ही यंत्रे आपल्याकडे आजवर बहुतांशी आयात होत आली आहेत. मुंबईच्या 'समीर' या संस्थेच्या पुढाकाराने विकसित झालेले दीड टेस्लाचे स्वदेशी यंत्र चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्समध्ये बसवणार असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. ते यशस्वी झाल्यास तपासणीचा खर्च खाली येण्याची आशा आहे.

आता दुसरी बाजू. चुंबकीय कडी, पट्टे, गाद्या आणि चुंबकावर ठेवलेले 'भारित' पाणी यांच्या विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद असा की, रक्तात लोह असते, म्हणून चुंबकाने रक्ताभिसरण सुधारते. रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवले की, प्राणवायू घेतलेले रक्त चुंबकापासून किंचित दूर सरते आणि प्राणवायू सोडलेले किंचित ओढले जाते. दोन्ही परिणाम इतके सूक्ष्म की मनगटावरच्या चुंबकाने रक्ताच्या प्रवाहात काही घडणे नाही. मात्र याच सूक्ष्म फरकाचा आधार घेऊन सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे एमआरआयमधून पाहण्याची वाट काढली.

यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये संधिवाताच्या सत्तर रुग्णांना आळीपाळीने चुंबकीय पट्टे, तांब्याची कडी आणि तशीच दिसणारी निष्प्रभ साधने पाच महिने वापरायला दिली. वेदना, सूज, आजाराची प्रगती, कशातही फरक आढळला नाही. खरे तर प्रयोगाविनाही एक प्रश्न विचारता येतो. गुडघ्याच्या एमआरआयसाठी रुग्ण अर्धा तास त्या कड्याहून कितीतरी बलवान चुंबकात पडून असतो. स्थिर चुंबकाने गुडघे बरे होत असते, तर तो तपासणी उरकून तुरुतुरु चालत घरी गेला असता.

कडे घालण्याने सहसा थेट अपाय होत नाही, हेही खरे. अपाय होतो तो कड्यावर विसंबून इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद केल्याने. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात अशा अनेक रोगांवर हमखास इलाजाच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी किती होते, हे कोणत्याही जत्रेत पाहावे.

याचा अर्थ चुंबकाने उपचार होतच नाहीत असा नाही. गोम आहे ती बदलत्या क्षेत्रात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हा मायकेल फॅरेडे यांचा १८३१ चा शोध. अँथनी बार्कर आणि त्यांच्या शेफिल्डच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून क्षणार्धाचा तीव्र चुंबकीय झटका देऊन, कवटी न उघडता मेंदूत वीज निर्माण केली. त्या व्यक्तीचा हात आपोआप हलला. त्या झटक्याचे बळ एमआरआयइतके, पण तो टिकतो एका मिलिसेकंदाहूनही कमी. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर या पद्धतीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये मान्यता दिली आणि आपल्या मोठ्या शहरांतही मानसोपचारतज्ज्ञ ती वापरतात. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे बसावे लागते. सगळ्यांना गुण येत नाही, क्वचित फेफरेही येऊ शकते, म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची. न जुळणारी हाडे जुळवण्यासाठीही स्पंदनशील क्षेत्रे वापरली जातात. तेथील पुरावा मात्र संमिश्र आहे.

एमआरआयच्या खोलीत लोखंडाला मज्जाव असतो तो अलिबागसारखाच, पण कारण जिवावरचे. यंत्राचे चुंबक द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेले असते आणि त्यातील प्रवाह विरोधाविना फिरत राहतो. तपासणी चालू नसली, वीज गेली, तरी चुंबक चालूच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला बत्तीस वर्षांचा नातेवाईक प्राणवायूची टाकी घेऊन त्या खोलीत गेला. टाकीसह तो यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणाला मुकला. यंत्र बंद असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते.

तपासणीपूर्वी भरून घेतला जाणारा तक्ता म्हणूनच घाईत उरकू नये. पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानातले यंत्र, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, यांतले काहीही लपवायचे नाही. नवे काही पेसमेकर या तपासणीला चालतात, जुने बहुतेक चालत नाहीत. त्यांचे कार्ड सोबत न्यावे. साडीची पिन, केसातला आकडा, जोडवी, मंगळसूत्र, घड्याळ, किल्ल्या बाहेर काढून ठेवाव्यात. सोने ओढले जात नाही, पण धातू तापू शकतो आणि दागिन्यात आणखी कशाची भेसळ आहे हे घालणाऱ्यालाही ठाऊक नसते. रुग्णासोबत आत जाणाऱ्या नातेवाइकालाही हेच सगळे नियम लागू आहेत.