काळा घोडा ते राणीची बाग

आधी फरक : संग्रहालय वस्तू कायमच्या जपतं. कलादालनातली प्रदर्शनं बदलत राहतात. चित्रं बरेचदा विक्रीलाही असतात.

• छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय : १९२२ पासून खुलं. वास्तुकार जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजून 'प्रिन्स ऑफ वेल्स'.

• जहांगीर कलादालन : १९५२.

• राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय : १९९६. इमारत मात्र १९११ची.

• डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, भायखळा : १८७२, शहरातलं सर्वांत जुनं. आवारातला दगडी हत्ती घारापुरीचा. इंग्लंडला न्यायला उचलताना पडून फुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला.

• काळा घोडा : मूळचा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. १९६५ मध्ये हलवला. आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत. नाक्यावरचा २०१७चा घोडा बिनस्वाराचा.