लाल मणी, जुनी साडी

तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका. वैद्यकाच्या पुस्तकात हे एका ओळीत मावतं. गडचिरोलीत पंचाईत अशी, की बऱ्याच सुइणींना साठपर्यंत मोजताच येत नव्हतं. तेव्हा 'सर्च' या संस्थेने मण्यांचं एक साधं यंत्र केलं, सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हात लाल मण्याला लागला, तर औषध सुरू.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी ही संस्था काढली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात राणीताईंचा दोन गावांतला अभ्यास छापून आला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब करणाऱ्यांना हा आकडा चांगलाच झोंबला असणार.

पुढचा प्रयोग अधिक धाडसाचा. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायका 'आरोग्यदूत' झाल्या. बाळ जन्मताना हजर राहायचं, गुदमरलं तर श्वास द्यायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच इंजेक्शन टोचायचं. नवजात मृत्युदर हजारी ६२ होता; तिसऱ्या वर्षी तो २५च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी सरकारी कार्यक्रमात आल्या. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिलं गेलं नाही. प्रयोगातला सर्वांत धीट भाग सरकारी फायलीत शिरताना गळतो, हे तसं नेहमीचंच.

बांगलादेशातल्या मतलबमध्ये १९६६ पासून घरोघरच्या जन्ममृत्यूंची नोंद चालू आहे. अशी कंटाळवाणी, वर्षानुवर्षांची मोजणी केली नसती, तर पुढचं काहीच सिद्ध झालं नसतं. मेरिलंड विद्यापीठाच्या रिटा कॉलवेल यांनी दाखवलं होतं, की पटकीचे जंतू तळ्यानदीतल्या अतिसूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात. म्हणजे जलचर गाळले, की बरेचसे जंतूही गेले. पण गाळायचं कशाने? घरातल्या जुन्या सुती साडीने! नवी चालत नाही. धुऊन धुऊन धागे पिंजले, की विणीतली भोकं बारीक होतात. निदान चौपदरी घडी घालून हंड्याच्या तोंडावर धरायची. ६५ गावांतल्या सुमारे १,३३,००० लोकांमध्ये ही चाचणी झाली. नायलॉनची खास जाळीही स्पर्धेत होती. साडी तिला हरली नाही. २००३ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा साडी वापरणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी घटलेली होती.

आपल्याकडे हंड्यावर फडकं बांधून पाणी गाळणाऱ्या आजीला यात नवल वाटायचं नाही. पण किती घड्या, कसलं कापड आणि नेमका किती फायदा, हे कुणीतरी मोजून ठेवावं लागतं. काही वर्षांनी संशोधक पुन्हा त्याच गावांत गेले. ३१ टक्के बायका अजून पाणी गाळत होत्या.

जलसंजीवनीची गोष्टही त्याच परिसरातली. ढाक्यात १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तोंडाने द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याची परिणामकारकता सिद्ध केली. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्यावर तेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तरी खेड्यातल्या आईपर्यंत ते पोचायला वेळ लागला. १९८० ते १९९० या दशकात 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हा पाठ शिकवून आल्या. नंतर दुसरंच कुणी जाऊन आईला प्रश्न विचारी आणि तिच्या लक्षात किती राहिलंय त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरे. (आपल्या शिक्षणखात्याला ही कल्पना कुणी सुचवू नये.) एवढं करूनही सुरुवातीला वापर कमीच. संशोधकांनी खोदून पाहिलं, तर खुद्द कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दोन्ही चुका सुधारल्यावर गाडी रुळावर आली.

मनाच्या आजारांची गोष्टही फार वेगळी नाही. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९०च्या दशकात झिम्बाब्वेत होते. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला सरळ शब्द नाही. लोक 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार. आपण डोक्याला भुंगा लागला म्हणतो, तसंच काहीसं. पटेल आणि सहकाऱ्यांनी अशाच बोलींतून शोना प्रश्नावली बांधली. पुढे गोव्यात त्यांच्या 'संगत' संस्थेने साध्या प्रशिक्षित समुपदेशकांना दवाखान्यांत बसवून पाहिलं. सरकारी दवाखान्यांत चांगला फरक पडला, खासगीत फारसा नाही.

ती शोना प्रश्नावली झिम्बाब्वेतल्या हरारेत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडांच्या कामी आली. २००६ मध्ये म्बारे वस्तीत त्यांना मदतीला मिळाल्या फक्त १४ आज्या. दवाखान्यात खोली नव्हती, म्हणून बाहेर झाडाखाली लाकडी बाक. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ रुग्ण होते. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं उरली होती नेहमीच्या उपचारगटात ४९.९ टक्के जणांत आणि आज्यांच्या गटात १३.७ टक्के जणांत. चिबांडांनी आधी या बाकाचं नाव 'मानसिक आरोग्याचा बाक' असं ठेवलं होतं. असल्या बाकावर कुणी येऊन बसणार नाही, हे आज्यांनी त्यांना लगेच सांगितलं. आता तो 'मैत्रीचा बाक' आहे.