पासपोर्ट कॅनडा : शुल्कावर चालणारी शासकीय यंत्रणा

शासकीय कार्यालयाचा खर्च विधिमंडळाने मंजूर केलेल्या अनुदानातून भागविला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कॅनडाचे पारपत्र कार्यालय या समजुतीला अपवाद ठरले. १९९० मध्ये त्यास ‘विशेष कार्यकारी संस्था’ असा दर्जा देण्यात आला. पुढे ‘पासपोर्ट कॅनडा’ या नावाने ओळखली गेलेली ही संस्था परराष्ट्र व्यवहार खात्याच्या अधीन होती. परंतु वेतन, भाडे, छपाई, सुरक्षा तपासणी असा बहुतेक सर्व खर्च तिला अर्जदारांच्या शुल्कातून करावा लागे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे फिरता निधी. आपल्या बचत गटांमुळे हा शब्द परिचित असला तरी येथे त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे. सामान्यतः शासकीय जमा एकत्रित निधीत जाते व तेथून खर्चासाठी दरवर्षी मंजुरी घ्यावी लागते. फिरत्या निधीत मात्र जमा झालेले शुल्क त्याच कामावर खर्च करण्याची कायमस्वरूपी मुभा असते. एका वर्षाची शिल्लक पुढील वर्षी वापरता येते आणि तूट आल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत उचलही घेता येते. अर्थात, ही स्वायत्तता अपुरी होती. खर्च संस्थेचा असला तरी शुल्काचा दर तिच्या हाती नव्हता. २००४ च्या वापरकर्ता शुल्क कायद्यानुसार दरवाढीचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवावा लागे.

या व्यवस्थेचे मर्म मागणीच्या चढउतारात आहे. २००४ च्या अमेरिकन कायद्यातून आलेल्या नव्या प्रवास नियमांनुसार २३ जानेवारी २००७ पासून विमानाने व १ जून २००९ पासून रस्त्याने वा समुद्रमार्गे अमेरिकेत जाणाऱ्या कॅनेडियन नागरिकांकडून पारपत्र किंवा अन्य मान्य दस्तऐवज मागितला जाऊ लागला. निर्णय वॉशिंग्टनचा, पण २००७ च्या हिवाळ्यात रांगा लागल्या त्या कॅनडातील पारपत्र कार्यालयांपुढे. अर्जांसोबत पैसा येत होता. प्रशिक्षित तपासनीस मात्र पैशाइतक्या वेगाने तयार होत नाहीत.

१ जुलै २०१३ पासून प्रौढांना दहा वर्षांचे पारपत्र मिळू लागले. त्या वेळी देशांतर्गत शुल्क दहा वर्षांसाठी १६० डॉलर, तर पाच वर्षांसाठी १२० डॉलर होते. दोन्हींत २५ डॉलर वाणिज्यदूतीय सेवेचे, म्हणजे परदेशात अडचणीत सापडलेल्या नागरिकाच्या मदतीसाठीचे होते. दहा वर्षांचे पारपत्र घेणारा नागरिक पाच वर्षांनी परत येत नाही. म्हणून आरंभीच्या वर्षांतील शिल्लक नंतरच्या ओसाड वर्षांसाठी राखून ठेवणे भाग पडते. ही शिल्लक नफा समजून दरकपातीची मागणी करणे हिशेबाला धरून नाही.

२ जुलै २०१३ रोजी पारपत्राची जबाबदारी नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे गेली आणि प्रत्यक्ष सेवा ‘सर्व्हिस कॅनडा’मार्फत देण्यात येऊ लागली. स्वतंत्र संस्था संपली, शुल्काधारित वित्तव्यवस्था मात्र टिकली. महासाथीच्या काळात प्रवास थांबल्याने अर्ज कमालीचे घटले आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ते एकाएकी उसळले; पुन्हा पहाटेपासून रांगा दिसल्या.

कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतील कलम ६ प्रत्येक नागरिकास देश सोडण्याचा व देशात परतण्याचा हक्क देते. या हक्काचा प्रत्यक्ष वापर ज्या दस्तऐवजावाचून जवळपास अशक्य, त्याच्या सुरक्षा तपासणीचा खर्च एकट्या अर्जदारावर का, की सुरक्षेचा लाभ घेणाऱ्या सर्व करदात्यांवर, हा वाद शुल्काच्या तक्त्यातून सुटणारा नाही.