निदान : फुफ्फुसाचे आणि मोटारीचे

पाचगणी म्हटले की आपल्याला टेबललँड, स्ट्रॉबेरी आणि निवासी शाळा आठवतात. पण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या गावाची आणखी एक ओळख होती. क्षयाच्या रोग्यांना ‘हवापालटासाठी पाचगणीला न्या’ असे सांगितले जाई. १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी इथे बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केले. रोगी महिनोन्‌महिने तिथे राहत. विश्रांती, सकस आहार आणि स्वच्छ हवा हेच तेव्हाचे मुख्य उपचार होते.

पण खोकणाऱ्या माणसाला क्षयच झाला आहे, हे कसे ठरवायचे? छाती उघडून तर पाहता येत नाही. हाच प्रश्न पाचगणीच्या उतारावरील शेतकऱ्यालाही पडतो. मोटार चालू आहे, पण पाणी येत नाही. बिघाड आत आहे आणि आपण बाहेर आहोत. बाहेरच्या खुणांवरून आतले ओळखणे म्हणजे निदान.

ठोका आणि ऐका

ऑस्ट्रियातील डॉ. औएनब्रुगर हे खानावळवाल्याचे चिरंजीव. पिपात द्रव किती उरला आहे हे पीप ठोकून कळते. भरलेला भाग ‘बद्द’ वाजतो, रिकामा भाग घुमतो. १७६१ साली त्यांनी हीच युक्ती छातीसाठी मांडली. निरोगी फुफ्फुसात हवा असते, म्हणून छाती घुमते. तिथे पाणी साठले तर आवाज बद्द होतो. पुढे १८१६ साली फ्रान्सच्या लेनेक यांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ऐकले. त्यातून लाकडी नळीचा स्टेथोस्कोप झाला. लेनेक स्वतः मात्र १८२६ साली क्षयानेच गेले.

आता मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे पाहू. तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. घन पदार्थातून ध्वनी चांगला वाहतो, म्हणून आतली खरखर थेट कानात येते. हा मिस्त्रीचा स्टेथोस्कोपच! ही खरखर येते कुठून? समजा, बेअरिंगच्या आतल्या कड्याला बारीकसा खड्डा पडला आहे. मोटार मिनिटाला २८८० फेरे, म्हणजे सेकंदाला ४८ फेरे घेते. बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या असतील, तर त्या खड्ड्यावर सेकंदाला सुमारे २६० वेळा ठोका बसतो. बिघाडाला स्वतःची कंप्रता असते ती अशी.

एकच लक्षण, अनेक कारणे

‘मोटार चालते, पाणी उचलत नाही’ या एका लक्षणामागे किती कारणे असू शकतात? फूटव्हॉल्व्ह गळत असेल, ओढणाऱ्या पाइपाच्या सांध्यातून हवा शिरत असेल, पंख्यात कचरा अडकला असेल किंवा तीन फेजच्या जोडणीत दोन तारांची अदलाबदल होऊन मोटार उलटी फिरत असेल. शिवाय विहिरीची पातळी खाली गेली असेल. वर बसवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण पाण्याला वर ढकलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर आहे. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून ही मर्यादा ८.८ मीटरच्या आसपास येते. प्रत्यक्षात तर त्याहूनही बरीच कमी भरते.

चांगला मिस्त्री सगळे एकदम खोलत नाही. सोपी आणि स्वस्त तपासणी आधी करतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. एकदम चार गोष्टी बदलून पाणी आले, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

तपासणीही चुकते

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. त्यानंतर थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येऊ लागली. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि छातीचे छायाचित्रही घेता येऊ लागले. तरी कोणतीच तपासणी अचूक नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक तपासणी १०० रोग्यांपैकी ९० जणांना बरोबर ओळखते, पण १०० निरोगी माणसांपैकी १० जणांनाही चुकून ‘रोगी’ ठरवते. गावात १००० माणसे आहेत आणि त्यांपैकी १० रोगी आहेत. सर्वांची तपासणी केली, तर ९ खरे रोगी सापडतील आणि ९९ निरोगी माणसे उगीच घाबरतील. आता दीर्घकाळ खोकला असलेल्या १००० जणांचीच तपासणी करू. समजा, त्यांत २०० रोगी आहेत. आता १८० खरे रोगी सापडतील आणि ८० चुकीचे. तपासणी तीच, पण तिच्या उत्तराचे मोल बदलले. म्हणूनच डॉक्टर आधी विचारतात, ‘खोकला किती दिवसांपासून आहे?’

हवा की औषध?

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. त्यानंतर आणखी औषधे आली. मग रोगी बरा होतो तो डोंगरातल्या हवेने की औषधाने? मिस्त्रीचाच नियम इथे लावला गेला : एका वेळी एकच गोष्ट बदला. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. दोन्ही गटांना औषधे तीच दिली. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला, दुसरा आपल्या गरीब वस्तीतल्या घरी. घरच्या गटाला विश्रांती आणि आहार कमी होता, तरी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फारसा फरक दिसला नाही. घरच्यांना होणारी लागणही वाढली नाही. घरदार सोडून डोंगरावर जाणे ज्यांना कधीच परवडले नसते, अशा लाखोंना या निष्कर्षाने उपचाराची वाट मोकळी झाली.

आज हेच ‘ऐकणे’ संगणकही शिकला आहे. मोटारीच्या कंपनांतून तो बेअरिंगचा बिघाड आधीच ओळखू शकतो. प्रौढांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत क्षयाच्या खुणा शोधण्यासाठी संगणक वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. पण संगणकाचा कौल हीसुद्धा एक तपासणीच आहे. वरचे ९ आणि ९९ चे गणित त्यालाही चुकत नाही.

वर्गात करून पाहा

एकसारखे झाकणाचे तीन अपारदर्शक डबे घ्या. एक रिकामा ठेवा, एक अर्धा आणि एक पूर्ण पाण्याने भरा. मुलांनी डबे न उचलता, फक्त बोटाने ठोकून ते ओळखावेत. प्रत्येकाचे उत्तर फळ्यावर लिहा आणि मगच झाकणे उघडा. किती जणांचे चुकले, आणि कोणता डबा ओळखताना जास्त चुका झाल्या, ते मोजा. अर्धा भरलेला डबा वरून खाली ठोकत गेल्यास आवाज नेमका कुठे बदलतो? तिथे खडूने रेघ मारायला सांगा. औएनब्रुगर छातीवर हीच रेघ शोधत होते.